पार्श्वभूमीचा उजळपणा : स्तनांच्या एमआरआय-अहवालातील एका नोंदीविषयी

स्तनांचा एमआरआय काढून घेतलेल्या स्त्रीच्या हाती जे अहवालपत्र येते, त्यात गाठ असल्या-नसल्याचा खुलासा पुढे कोठेतरी असतो. परंतु त्याच्या अगोदर, पहिल्या चार-पाच ओळींतच, तिने यापूर्वी कधी न ऐकलेले एक लांबलचक नाव आणि त्यापुढे ‘मिनिमल’, ‘माइल्ड’, ‘मॉडरेट’ अथवा ‘मार्क्ड’ यांपैकी एक विशेषण तिच्या दृष्टीस पडते, आणि ते विशेषण शेवटच्या दोहोंपैकी असले तर ती बहुधा तेथेच थबकते. ‘बॅकग्राउंड पॅरेन्कायमल एन्हान्समेंट’ असे ते नाव. डॉक्टर मंडळी आपसांत त्याला ‘बीपीई’ म्हणतात. मराठीत सांगायचे तर स्तनातील निरोगी ग्रंथिल ऊती तपासणीच्या वेळी किती उजळल्या, याची ती नोंद होय. हे रोगाचे नाव नाही, रोगाचा दाखला नाही आणि रोगाची पूर्वसूचना म्हणून तर ते मुळीच वाचता कामा नये. तथापि ती ओळ अगदी निरर्थक आहे असेही नाही, कारण स्तनांच्या कर्करोगाच्या ज्या जोखमी वैद्यकशास्त्राला ठाऊक आहेत, त्यांपैकी कित्येकींशी या उजळपणाचा संबंध गेल्या काही दशकांत दिसून आला आहे. तो संबंध कोणता, केवढा, आणि त्यावरून एखाद्या स्त्रीने काय करावे व काय करू नये, एवढेच येथे सावकाशीने मांडावयाचे आहे.

प्रथम हा उजळपणा येतो कोठून ते पाहू. एमआरआयमध्ये क्ष-किरणांचा संबंध नसतो. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात शरीरातील जलांशाच्या अणूंना रेडिओलहरींनी डिवचून त्यांनी परत पाठविलेल्या संकेतांवरून चित्र तयार होते. स्तनांच्या बाबतीत केवळ एवढे चित्र पुरत नाही, असे १९८० नंतरच्या दशकात ध्यानात आले, आणि शिरेतून गॅडोलिनियम या दुर्मिळ धातूचे संयुग टोचून मग चित्रे घेण्याची पद्धत प्रथम जर्मनीत रुजली. हे द्रव्य रक्ताबरोबर जेथे जाते व केशवाहिन्यांतून जेथे पाझरते तेथील संकेत बळावतो, म्हणजेच चित्रातला तो भाग पांढरा दिसू लागतो. कर्काची गाठ आपल्या पोषणासाठी नव्या रक्तवाहिन्या निर्माण करते आणि त्या वाहिन्या सच्छिद्र असतात. म्हणून द्रव्य टोचल्यावर पहिल्या एक-दोन मिनिटांतच ती झपाट्याने उजळते व पुष्कळदा तितक्याच झपाट्याने विझू लागते. परंतु रक्त काही केवळ गाठीकडेच जात नाही. निरोगी ग्रंथी, दुग्धनलिका आणि त्यांच्या भोवतीचा तंतुमय भाग यांनाही रक्त लागते, आणि त्यांतही हे द्रव्य हळूहळू पाझरते. एखाद्या स्त्रीत ते इतके थोडे पाझरते की चित्राची पार्श्वभूमी काळोखी राहते. दुसरीत ती चांदण्यासारखी सर्वत्र उजळून निघते. स्तनाला रक्त पोहोचविणाऱ्या धमन्या छातीच्या मध्यरेषेकडून आणि काखेच्या बाजूने, म्हणजे कडांकडून आत शिरत असल्यामुळे हा उजळपणाही बहुधा कडांपासून सुरू होतो आणि स्तनाच्या मध्याकडे पसरत जातो, जणू चित्राला कोणी अगोदर चौकट बसवावी. दोन्ही स्तनांत सारखा, कडेकडून मध्याकडे जाणारा आणि संथपणे वाढणारा उजळपणा ही निरोगी ऊतीची खूण होय. एकाच बाजूला अधिक असणारा, अथवा एकाच खंडात साचलेला उजळपणा मात्र क्ष-किरणतज्ज्ञ वेगळा काढून पाहतो आणि त्याचा उल्लेखही वेगळाच करतो.

अहवालात याच्या जवळच आणखी एक नोंद असते, आणि दोहोंची गल्लत पुष्कळदा होते, म्हणून तिचाही उलगडा केला पाहिजे. स्तनात मेदाचे प्रमाण किती आणि ग्रंथिल-तंतुमय ऊतीचे किती, हे सांगणारी ती नोंद. मॅमोग्राफीत जिला घनता म्हणतात तिचीच ही बहीण. घनता ही ऊती किती आहे ते सांगते; पार्श्वभूमीचा उजळपणा ती ऊती त्या दिवशी किती जागी आहे, तिच्यात रक्ताची ये-जा किती आहे, ते सांगतो. अत्यंत घन स्तनांतील ऊती जवळजवळ न उजळता राहू शकते, आणि मेदबहुल स्तनांतील थोडीशी ऊतीही लख्ख उजळू शकते. स्तनांच्या अहवालांची जी आंतरराष्ट्रीय परिभाषा ‘बीआय-रॅड्स’ या नावाने प्रचलित आहे, तिच्या २०१३ मधील पाचव्या आवृत्तीने या दोन्ही गोष्टी प्रत्येक अहवालात स्वतंत्रपणे नोंदवाव्यात असा दंडक घातला, आणि त्यामुळेच आज पुण्या-मुंबईतील अहवालांतही ही ओळ दिसते. ती लिहिण्यात तज्ज्ञाचा एक व्यावहारिक हेतूही असतो. पांढऱ्या भिंतीवर पांढरा डाग शोधणे काळ्या भिंतीवरच्यापेक्षा कठीण. म्हणून पार्श्वभूमी फार उजळली असेल तर ‘हे चित्र वाचणे किंचित अवघड होते’ असे पुढील डॉक्टरला कळावे, हा तो हेतू. अनुभव असा की उजळपणा अधिक असला म्हणजे संशयास्पद म्हणून पुन्हा बोलावण्याचे अथवा सहा महिन्यांनी पुन्हा पाहण्याचे प्रसंग वाढतात. मात्र त्यामुळे कर्करोग हातचे निसटून जाण्याचे प्रमाण लक्षणीय वाढते, असे अभ्यासांत सामान्यतः आढळलेले नाही.

आता ही ऊती जागी कोण करतो, या प्रश्नाकडे वळू, कारण जोखमीशी असलेले नाते येथूनच उगम पावते. १८९६ साली ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी, दूधदुभत्या जनावरांच्या बीजांडकोशांचा आणि दुधाचा संबंध पाहून, स्तनांचा कर्करोग बळावलेल्या स्त्रियांचे बीजांडकोश काढून टाकले असता काहींचा रोग ओसरल्याचे प्रसिद्ध केले. संप्रेरक हा शब्ददेखील तेव्हा जन्मास आला नव्हता. परंतु स्तन हा अवयव दूर कोठूनतरी येणाऱ्या हुकमाने चालतो, हे त्या शस्त्रक्रियांनी दाखवून दिले. आज आपण त्या हुकमाची नावे जाणतो. ईस्ट्रोजेन हे संप्रेरक स्तनांतील रक्तवाहिन्या प्रसरण पावविते व त्यांच्या भित्ती अधिक पाझरत्या करते. प्रोजेस्टेरॉन ग्रंथींतील पेशींची वाढ व चयापचय वाढविते. गॅडोलिनियमचे पाझरणे या दोहोंच्या अधीन असल्यामुळे एमआरआयचे चित्र हे एका अर्थाने त्या दिवशीच्या संप्रेरकांचे हस्ताक्षरच ठरते. जर्मनीतील बॉन येथे क्रिस्टियाने कूल यांनी निरोगी तरुण स्त्रियांचे एमआरआय पाळीच्या निरनिराळ्या आठवड्यांत काढून १९९७ साली दाखवून दिले की एकाच स्त्रीचे स्तन एकाच महिन्यात निरनिराळे उजळतात; पाळीच्या दुसऱ्या आठवड्यात हा उजळपणा सर्वांत कमी, आणि चौथ्या व पहिल्या आठवड्यांत अधिक. रजोनिवृत्तीनंतर तो सामान्यतः ओसरतो. निवृत्तीनंतरच्या तक्रारींसाठी संप्रेरकांच्या गोळ्या घेतल्या तर पुन्हा वाढतो. अंगावर पाजण्याच्या काळात तो अतिशय असतो. टॅमॉक्सिफेन या औषधाने, किंवा मेदातील ईस्ट्रोजेनचे उत्पादन रोखणाऱ्या ॲरोमटेज-रोधक औषधांनी तो घटतो. टॅमॉक्सिफेन थांबविल्यावर उलटून वाढू शकतो. आणि बीजांडकोश काढल्यावर मंदावतो. एका स्तनाला विकिरणोपचार झाले असतील तर तेवढ्याच बाजूचा उजळपणा कमी झालेला दिसतो, आणि मग दोन्ही बाजू असमान दिसल्या तरी त्यात भिण्यासारखे काही नसते; फक्त उपचारांची हकीकत तज्ज्ञाला आधी सांगितलेली असली पाहिजे.

येथेच या लेखातील सर्वांत उपयुक्त सूचना सांगून टाकतो. ज्यांची पाळी चालू आहे आणि ज्यांचा एमआरआय नियमित देखरेखीसाठी काढावयाचा आहे, त्यांनी पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून सातव्या ते चौदाव्या दिवसांदरम्यानची तारीख मागून घ्यावी. तपासणी-केंद्रावर दूरध्वनी करताना आपल्या पाळीची तारीख सांगणे पुष्कळ स्त्रियांना संकोचाचे वाटते, आणि समोरचा माणूसही कित्येकदा विचारत नाही. पण हा संकोच बाजूला ठेवलाच पाहिजे, कारण चुकीच्या आठवड्यात काढलेल्या एका चित्रामुळे पुढे सहा महिने टांगणीला लागण्याचा, क्वचित अनावश्यक सुईतपासणीचा प्रसंग ओढवतो. मात्र ही मुभा केवळ देखरेखीच्या तपासणीपुरती आहे. कर्करोगाचे निदान झालेले असेल, अथवा गाठीचा संशय बळकट असेल, तर पाळीची वाट पाहत तपासणी पुढे ढकलू नये. तेथे दिवसांचा हिशेब उजळपणापेक्षा मोठा आहे.

अपत्यजन्माचा आणि या रोगाचा संबंध लोकांच्या ध्यानात येऊन आता तीनशे वर्षे होऊन गेली. इटलीतील पादुआचे बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७१३ मध्ये लिहून ठेवले की मठवासिनी स्त्रियांत स्तनांचा कर्करोग विशेष आढळतो. १९२६ साली जॅनेट लेन-क्लेपन या विदुषीने इंग्लंड-स्कॉटलंडमधील ५०० रुग्ण स्त्रिया आणि तितक्याच निरोगी स्त्रिया यांच्या जबान्या समोरासमोर ठेवून उशिरा लग्न, कमी अपत्ये आणि अपत्यांना कमी काळ पाजणे या गोष्टी रुग्णांमध्ये अधिक आढळतात असे दाखविले. रुग्ण आणि निरोगी यांची अशी पद्धतशीर तुलना करणारा हा पहिला आधुनिक अभ्यास मानतात, आणि माझ्या मते एका स्त्रीने स्त्रियांसाठी केलेल्या शास्त्रीय कामांत त्याचे स्थान फार वरचे आहे. पुढे शंभरेक वर्षांत त्या यादीत भर पडत गेली. पाळी लवकर सुरू होणे, ती उशिरा थांबणे, अपत्य नसणे किंवा पहिले अपत्य तिशीनंतर होणे, निवृत्तीनंतरची स्थूलता, मद्यपान, निवृत्तीनंतर दीर्घकाळ घेतलेली संयुक्त संप्रेरके, तरुण वयात छातीवर झालेले विकिरण, आणि रक्ताच्या नात्यातील रोगाचा इतिहास. ३० देशांतील अभ्यास एकत्र करून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशेबाप्रमाणे प्रत्येक प्रसूतीने जोखीम सुमारे ७ टक्क्यांनी, आणि आयुष्यात अंगावर पाजलेल्या दर बारा महिन्यांनी आणखी सुमारे ४.३ टक्क्यांनी घटते. वारसा आणि विकिरण वगळता यांपैकी बहुतेक गोष्टींचा धागा एकच : स्तनांतील ऊती आयुष्यात किती काळ आणि किती प्रमाणात संप्रेरकांच्या प्रभावाखाली राहिली.

जो धागा जोखमीच्या यादीतून जातो, तोच एमआरआयच्या उजळपणातूनही जातो. मग या दोहोंची गाठ कोठेतरी पडणारच असे अनुमान संशोधकांनी करणे स्वाभाविक होते. तसे अभ्यास झाले, आणि त्यांत वय आणि रजोनिवृत्ती यांचा संबंध सर्वांत ठळक निघाला : तरुण स्त्रियांत उजळपणा अधिक, निवृत्तांत कमी. निवृत्तीनंतर ज्यांच्या रक्तात ईस्ट्रोजेन अधिक आढळले, त्यांच्यात तोही अधिक आढळला. शरीराच्या वजनाचा संबंध मात्र मोठा विचार करावयास लावणारा आहे. मॅमोग्राफीतील घनता वजनाबरोबर घटते, कारण स्तनात मेद वाढला की ग्रंथिल भागाचे प्रमाण आपोआप कमी दिसते. परंतु निवृत्तीनंतरची स्थूलता तर जोखीम वाढविते. म्हणजे केवळ घनता पाहणारा मनुष्य स्थूल स्त्रीच्या बाबतीत फसण्याचा संभव आहे. पार्श्वभूमीचा उजळपणा, उलटपक्षी, अनेक अभ्यासांत वजनाबरोबर वाढलेला दिसला, आणि त्याचे कारणही समजण्याजोगे आहे : बीजांडकोश थंडावल्यावर शरीरातील ईस्ट्रोजेन मुख्यतः मेदातच तयार होते. त्यामुळे घनतेला जे दिसत नाही ते कदाचित उजळपणाला दिसत असावे, अशी आशा संशोधकांना वाटते. येथे वयाविषयी एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. वयाबरोबर उजळपणा घटतो, पण रोगाची जोखीम वयाबरोबर वाढते. म्हणून पंचविशीतल्या तरुणीचा लख्ख उजळपणा आणि पासष्टीतल्या स्त्रीचा मंद उजळपणा यांची तुलना करून ‘हिची जोखीम अधिक’ असे म्हणणे शुद्ध चूक होय. तुलना करावयाची ती एका वयाच्या, एका स्थितीच्या स्त्रियांमध्येच.

आता पुढील कर्करोगाशी थेट संबंध किती, हा प्रश्न. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग येथील अभ्यासाने २०११ साली, उच्च जोखमीच्या स्त्रियांत, कमी उजळपणाच्या मानाने अधिक उजळपणात कर्करोगाची शक्यता सुमारे दहापट आढळल्याचे सांगितले आणि सर्वत्र खळबळ उडाली. परंतु त्या अभ्यासातील कर्करुग्णांची संख्या अगदी मोजकी होती, आणि मोजक्या संख्येतून निघालेले मोठे आकडे पुढे बहुधा लहान होतात. तसेच झाले. २०१९ साली अमेरिकेतील स्तन-कर्करोग देखरेख संघाच्या दप्तरातून ४,२४७ स्त्रियांच्या नोंदी तपासण्यात आल्या, त्यांपैकी १७६ जणींना पुढे कर्करोग झाला, आणि ‘मिनिमल’च्या तुलनेत ‘माइल्ड’मध्ये सुमारे १.८ पट, ‘मॉडरेट’मध्ये सुमारे २.४ पट आणि ‘मार्क्ड’मध्ये सुमारे ३.४ पट जोखीम असल्याचे दिसले. त्याच वर्षी निरनिराळ्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तिचा निष्कर्ष असा की हा संबंध उच्च जोखमीच्या स्त्रियांत आढळतो. सर्वसाधारण जोखमीच्या स्त्रियांत तसा ठाम पुरावा नाही. ‘इतकी पट’ या शब्दांनी घाबरून जाण्याची रीत सार्वत्रिक आहे, म्हणून एक हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा. समजा, एका वयाच्या हजार स्त्रियांपैकी दहांना पुढील काही वर्षांत हा रोग होणार आहे. जोखीम दुप्पट झाली म्हणजे दहांच्या वीस होतील, आणि ९८० जणींना त्या काळात तो होणार नाही. पट मोठी दिसते ती मूळ संख्या लहान असल्यामुळे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. व्यक्तीची जोखीम मोजण्यासाठी डॉक्टर जी गणिते वापरतात, त्यांत वय, पाळीचा इतिहास, प्रसूती, नात्यातील रुग्ण, पूर्वीच्या सुईतपासण्या, आणि काहींत मॅमोग्राफीची घनताही असते. पार्श्वभूमीचा उजळपणा नित्याच्या गणितांत घेतला जात नाही. याला सबळ कारण आहे. चार पायऱ्यांपैकी कोणती, हे तज्ज्ञाच्या नजरेवर ठरते, दोन तज्ज्ञांचे मत एकाच चित्रावर भिन्न होऊ शकते, यंत्र आणि औषधाची मात्रा यांनी फरक पडतो, आणि पाळीचा आठवडा तर आपण पाहिलाच. संगणकाकडून उजळपणाचे मोजमाप करविण्याचे प्रयत्न चालू आहेत. ते स्थिर होईपर्यंत केवळ या एका ओळीवरून औषध सुरू करणे, अथवा स्तन काढून टाकण्यासारखा निर्णय घेणे, यास शास्त्राचा आधार नाही. म्हणून अहवाल हाती आल्यावर त्या विशेषणावर नजर खिळवून न ठेवता अखेरीस जो अंक असतो तो पाहावा. शून्य म्हणजे तपासणी अपुरी. एक म्हणजे काही नाही. दोन म्हणजे निरुपद्रवी. तीन म्हणजे बहुधा निरुपद्रवी, कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांहून अधिक नाही, पण थोड्या मुदतीने पुन्हा पाहावे. चार म्हणजे संशय, सुईतपासणी हवी. पाच म्हणजे संशय अतिशय बळकट. सहा म्हणजे निदान आधीच झालेले. ‘मार्क्ड’ उजळपणा आणि अंक एक, असा अहवाल नेहमीच आढळतो, आणि तो चांगला अहवाल होय.

मग एमआरआय कोणी काढावा? सरसकट सर्वांनी नव्हे. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने २००७ पासून, ज्यांची आयुष्यभराची जोखीम सुमारे २० ते २५ टक्के किंवा अधिक आहे, त्यांनी मॅमोग्राफीच्या जोडीला दरवर्षी एमआरआय काढावा असे सुचविले आहे. बीआरसीए या जनुकांत दोष असलेल्या, किंवा तरुणपणी छातीवर विकिरण झालेल्या स्त्रिया यांत येतात. अत्यंत घन स्तनांच्या स्त्रियांविषयी नेदरलँड्समध्ये ४०,३७३ स्त्रियांचा जो मोठा प्रयोग झाला, त्याचा निकाल २०१९ मध्ये असा लागला की मॅमोग्राफी निर्दोष आल्यानंतर एमआरआयचे निमंत्रण दिलेल्या गटात, दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उद्भवणारे कर्करोग हजारी ५ वरून २.५ वर आले. पण त्याच पहिल्या फेरीत एमआरआय झालेल्या दर हजार स्त्रियांमागे सुमारे ८० जणींना नसलेल्या रोगाचा संशय सोसावा लागला. फायदा आणि मनस्ताप हे दोन्ही खरे आहेत, आणि दोन्ही आधी सांगितले गेले पाहिजेत.

आपली जोखीम अधिक आहे किंवा नाही, हे ठरविताना आपल्याकडे एक घोटाळा हमखास होतो. ‘आमच्या घरात कोणाला नाही’ असे सांगताना स्त्रिया फक्त आईच्या माहेरचा विचार करतात, आणि वडिलांच्या बाजूची आत्या किंवा आजी विसरून जातात. वस्तुतः दोषी जनुक वडिलांकडूनही तितक्याच सहजपणे येते. उलट सासूला अथवा नणंदेला हा रोग झाला म्हणून भयभीत झालेली सून मी पाहिली आहे. तिच्या स्वतःच्या जोखमीशी त्याचा काही संबंध नाही, तिच्या मुलींच्या बाबतीत मात्र त्या आजी आणि आत्या ठरतात. म्हणून एक कागद घेऊन आई, मावश्या, आत्या, दोन्हीकडच्या आज्या, बहिणी, आणि पुरुषांतही कोणाला स्तनांचा कर्करोग झाला असल्यास तो, तसेच बीजांडकोशाच्या कर्करोगाचे रुग्ण, आणि प्रत्येकाचे रोगाच्या वेळचे वय लिहून काढावे. पन्नाशीच्या आत झालेला रोग, एकाच बाजूला अनेक रुग्ण, किंवा दोन्ही स्तनांत झालेला रोग दिसला, तर तो कागद घेऊन जनुकीय सल्लागाराकडे जावे. एमआरआयच्या कित्येक चित्रांपेक्षा हा कागद अधिक बोलतो.

तपासणीच्या दिवसाविषयी थोडे. पाळीची तारीख, प्रसूती, सध्या अंगावर पाजत असल्यास तसे, गर्भनिरोधक अथवा संप्रेरकांच्या गोळ्या, टॅमॉक्सिफेन, पूर्वीच्या शस्त्रक्रिया आणि विकिरण, या साऱ्याची नोंद लिहून न्यावी. पूर्वीची मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि एमआरआय यांची चित्रे, केवळ अहवाल नव्हे, बरोबर असावीत, कारण गेल्या वर्षी जे असेच उजळत होते आणि आजही तसेच उजळते, त्याची चिंता निम्मी होते. गोळ्या आपल्या मनाने थांबवू नयेत. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, केसांतील आकडे घरीच ठेवावेत. ज्यांना मंगळसूत्र उतरविणे मनाला लागते त्यांनी त्या वेळेपुरते ते सोबतच्या माणसाच्या हाती द्यावे, पण त्या चुंबकाजवळ धातू नेऊ नये. हृदयातील पेसमेकर, मेंदूतील रक्तवाहिनीवर बसविलेली क्लिप, कानातील यंत्र, इन्शुलीनचा पंप, कॉपर-टी, काहीही असल्यास आधी सांगावे. तपासणीत पालथे निजावे लागते, स्तन एका खोलगट चौकटीत मोकळे सोडलेले असतात, यंत्राचा खडखडाट मोठा असतो, आणि वीस ते चाळीस मिनिटे हलायचे नसते. कारण द्रव्य टोचण्यापूर्वीचे चित्र नंतरच्या चित्रातून वजा करून उजळपणा मोजतात, आणि मध्ये हालचाल झाली की ही वजाबाकी चुकते. बंद जागेची भीती असल्यास ती लपवू नये.

गॅडोलिनियमविषयी उगाच भय नको आणि बेफिकिरीही नको. मूत्रपिंडे गंभीर निकामी असलेल्या रुग्णांत काही जुन्या संयुगांमुळे त्वचा आणि अंतर्भाग ताठरण्याचा विकार होतो, हे २००६ साली लक्षात आले. म्हणून मधुमेह, उच्च रक्तदाब अथवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्या स्त्रियांनी रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी आधी करून घ्यावी. वारंवार घेतलेल्या मात्रांतील अत्यल्प अंश मेंदूत साचतो हेही २०१४ पासून माहीत आहे. त्यापासून अपाय झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तरी युरोपाच्या औषध-नियामकांनी २०१७ मध्ये साखळीसारखी रचना असलेल्या बहुतेक संयुगांचा वापर स्थगित करण्याची शिफारस केली, आणि कड्यासारख्या रचनेची, अधिक स्थिर संयुगे पसंत ठरली. गरोदरपणी हे द्रव्य टाळतात. पाजणाऱ्या आईच्या दुधात त्याचा इतका सूक्ष्म अंश उतरतो की पाजणे थांबविण्याची गरज नाही.

हे सर्व लिहिताना एक विचार मनातून जात नाही. स्तनांचा कर्करोग हा आज भारतीय स्त्रियांतील सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग आहे. २०२० साली देशात सुमारे १,७८,००० नवे रुग्ण आणि सुमारे ९०,००० मृत्यू असा अंदाज होता. त्यांतील फार थोड्या स्त्रिया कधी एमआरआयच्या यंत्रापर्यंत पोहोचल्या असतील. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांतून सुरू केलेल्या आणि वीस वर्षे चाललेल्या प्रयोगात ३५ ते ६४ वर्षांच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अंतर्भाव होता. त्यांपैकी एका गटाच्या स्तनांची तपासणी शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी केवळ हातांनी करीत. एकंदर मृत्यूंतील १५ टक्क्यांची घट संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरती उतरली नाही; परंतु पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तन-कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले, आणि रोग अधिक लवकरच्या अवस्थेत सापडू लागला. जिला वर्षाला एमआरआय परवडतो तिने या लेखातील सूचना जरूर पाळाव्यात. पण तिच्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईपर्यंत हा दुसरा उपाय पोहोचविणे, हेही तिने आपले काम मानावे. शासनाच्या योजनेत तिशीपुढील प्रत्येक स्त्रीची अशी हाताने तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी असे ठरलेले आहे, आणि ती आरोग्य उपकेंद्रात होते.

आणि वाचकभगिनी, हाताला नवी गाठ लागली, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव आला, त्वचा आत ओढली गेली, किंवा काखेत टणक गोळा जाणवला, तर मागच्या अहवालातील उजळपणा ‘मिनिमल’ होता, मागचा एमआरआय निर्दोष होता, या आधारावर थांबू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवा, आणि सुईतपासणी सांगितली तर ती करून घ्या.